अली, मार्सियानो, टायसन, उसिक: कोण कोणाला लोळवेल?

१९६९ साली मायामीतल्या एका बंद स्टुडिओत बॉक्सिंगची रिंग उभी राहिली. एका कोपऱ्यात २७ वर्षांचा मुहम्मद अली. समोर ४५ वर्षांचा रॉकी मार्सियानो: निवृत्त होऊन १३ वर्षं झालेली, खास या कामासाठी २० किलोंच्या आसपास वजन उतरवलेलं आणि टक्कल झाकायला डोक्यावर टोप. प्रेक्षक एकही नाही. दोघांनी कॅमेऱ्यासमोर एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या खेळून दिल्या. शेवटही वेगवेगळे खेळले. एकदा हा आडवा, एकदा तो. खरा शेवट कोणता हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण निकाल द्यायचा होता संगणकाने.

वेगवेगळ्या काळांतले दोन हेवीवेट विजेते समोरासमोर उभे केले तर जिंकेल कोण, हा वाद बॉक्सिंगवेड्यांना जन्मभर पुरतो. मलाही पुरला आहे. या वादाला उत्तरच नसतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. उत्तर असतं. फक्त लढत कोणाच्या नियमांनी खेळायची, हे आधी ठरवावं लागतं.

संगणकाचा कौल

हा सगळा उद्योग मायामीतला रेडिओ निर्माता मरे वरोनर याचा. १९६७ मध्ये त्याने १६ नामवंत हेवीवेट निवडले, त्यांची कुंडली संगणकाला पुरवली आणि रेडिओवर स्पर्धा लावली. खरा सामना चालू असावा तसं धावतं वर्णन! अंतिम सामन्यात मार्सियानोने जॅक डेम्प्सीला लोळवलं. अली त्याआधीच बाद झाला होता, तोही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जिम जेफ्रीजकडून. अलीला हे इतकं लागलं की त्याने १० लाख डॉलरचा अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. पुढे समेट झाला आणि त्यातून हा चित्रपट निघाला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे तेव्हा अलीचं अजिंक्यपद गेलं होतं, लढायचा परवाना गेला होता. रिंगमध्ये उतरायला मिळण्याची ही एवढीच वाट त्याच्यापुढे उरली होती.

२० जानेवारी १९७० रोजी चित्रपट थिएटरांत लागला. निकाल: मार्सियानो, तेराव्या फेरीत, नॉकआउट. पाहायला मार्सियानो मात्र नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ ला आयोवात विमान कोसळून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता.

आणि ब्रिटनमध्ये जी आवृत्ती दाखवली, तिच्यात अली जिंकला! यंत्र तेच, माणसं तीच, निकाल दोन. म्हणून संगणक बाजूला ठेवू आणि आपलं आपण पाहू.

आधी वजनकाटा आणा

हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही. तुम्ही कितीही वजनाचे असा, या रिंगमध्ये जागा आहे. त्यामुळे सव्वाशे वर्षांत या गटातले विजेते फुगत गेले.

१८९७ मध्ये बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला हरवून अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा त्याचं वजन होतं जेमतेम ७६ किलो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये वाढलेला हा लोहार. खांदे आणि हात घणाने घडवलेले, पाय मात्र काटकुळे. चौदाव्या फेरीत त्याने कॉर्बेटच्या छातीखाली, पोटाच्या वरच्या टोकाला असा ठोसा घातला की कॉर्बेटला श्वासच घेता येईना. नेवाडातल्या कार्सन सिटीची ही लढत चित्रित झाली आणि दीड तासाहून लांब असलेला तो चित्रपट जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही बॉक्सिंगला वळसा घालून जाता येत नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

आता पुढचे आकडे पाहा. डेम्प्सी १९१९ मध्ये ८५ किलो. मार्सियानो १९५२ मध्ये साधारण ८३ किलो. जो लुई ऐन भरात ९० किलो. अली १९६४ मध्ये ९५ किलो. टायसन १९८६ मध्ये १०० किलो. लेनॉक्स लुईस ११० च्या पुढे. आणि रशियाचा निकोलाय वालुएव, उंची ७ फूट, वजन दीडशे किलोंना टेकलेलं.

आज हेवीवेटच्या खाली क्रूझरवेट हा गट आहे. त्याची मर्यादा ९०.७ किलो. म्हणजे डेम्प्सी आणि मार्सियानो आज असते तर त्यांना सरळ क्रूझरवेटमध्ये पाठवलं असतं. जो लुईलाही बहुतेक लढतींत तिकडेच. फिट्झसिमन्सला तर मधला आणखी एक गट ओलांडून खाली जावं लागलं असतं.

पण वजनाने सगळं ठरतं असं मानलं, तर १९१९ ची टोलेडोची लढत कुठे ठेवायची? जेस विलार्ड साडेसहा फूट, १११ किलो. डेम्प्सी त्याच्यापेक्षा २६ किलोंनी हलका. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली गेला! तिसरी फेरी संपल्यावर तो उठलाच नाही. २००९ मध्ये न्यूरेंबर्गला डेव्हिड हेने वालुएवला गुणांवर हरवलं, तेव्हा फरक होता तब्बल ४५ किलोंच्या घरातला. आणि १९३५ मध्ये अवाढव्य प्रिमो कार्नेराला जो लुईने सहाव्या फेरीत संपवलं.

माझं म्हणणं असं: विलार्ड, कार्नेरा आणि वालुएव हे मोठे होते, पण संथ होते. विलार्डला हरवल्याच्या जोरावर डेम्प्सीला लेनॉक्स लुईससमोर उभं करता येणार नाही. लुईस १९५ सेंटिमीटर उंच होता आणि बुद्धिबळाच्या पटावर बसल्यासारखा विचार करून ठोसा मारायचा. इतकी उंची आणि इतकं तंत्र एकाच अंगात असलेला माणूस डेम्प्सीने आयुष्यात पाहिला नव्हता. मार्सियानोचा हात तर हेवीवेट विजेत्यांत सर्वांत आखूड, दोन्ही हात पसरले तर बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत ६८ इंच. लुईसचे ८४. या १६ इंचांच्या फरकाने मार्सियानोने किती मार खाल्ला असता याची कल्पनाही नको वाटते.

तेराव्या फेरीची करामत

१८८९ मध्ये मिसिसिपीतल्या रिचबर्गला जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी लढले. फेऱ्या ७५, वेळ दोन तासांहून जास्त, जुलैचं रणरणतं ऊन. चव्वेचाळिसाव्या फेरीत सुलिव्हनला उलटी झाली. तरी जिंकला तोच. त्या नियमांत फेरी मिनिटांवर चालत नसे. कुणी पडला की फेरी संपली, ३० सेकंद विश्रांती, पुढे चालू. तीन वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला, हातमोजे घालून आणि तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांत, बँकेत कारकुनी केलेल्या जिम कॉर्बेटने त्याच सुलिव्हनला पळवून पळवून दमवलं आणि २१ व्या फेरीत आडवं केलं. माणूस तोच होता, नियम बदलले होते. वयही झालं होतं हे खरं, पण नव्या खेळात त्याची जुनी ताकद कामी आली नाही हे त्याहून खरं.

पुढे अजिंक्यपदाच्या लढती १५ फेऱ्यांवर स्थिरावल्या. १९८२ मध्ये लास वेगासला दक्षिण कोरियाचा डुक कू किम हा लाइटवेट बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर एकेका संघटनेने फेऱ्या १२ वर आणल्या. दशक संपेपर्यंत पंधरा फेऱ्या इतिहासजमा झाल्या.

या तीन फेऱ्यांनी किती काय बदललं असतं, हे बघण्यासारखं आहे.

जून १९४१, न्यूयॉर्क. ८० किलोंच्याही आतला, चपळ बिली कॉन जो लुईला नाचवत होता. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे. उरलेल्या फेऱ्या अंग चोरून काढल्या असत्या तरी भागलं असतं. पण त्याला लुईला पाडायचीच हौस आली. तेराव्या फेरीत तो भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना बाद झाला.

सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. मार्सियानोला कारकिर्दीत तोवर कुणी पाडलं नव्हतं. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे वॉलकॉट पुढे. तेराव्या फेरीत तो दोरांकडे मागे सरकला, दोघांचेही उजवे हात एकदमच निघाले, मार्सियानोचा आधी पोचला. वॉलकॉट गुडघ्यावर खाली गेला, डावा हात दोरात अडकून राहिला. त्या लढतीचं चित्रण उपलब्ध आहे. तो ठोसा जेमतेम हातभर अंतरावरून आलेला आहे, आणि मी तो जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा वॉलकॉटसाठी जीव तुटतो.

आजचा नियम तेव्हा असता तर कॉन विश्वविजेता झाला असता, लुईची सत्ता चार वर्षांत संपली असती आणि मार्सियानोच्या नावापुढचे ४९ विजय, शून्य पराभव हे आकडे कधीच लागले नसते. बॉक्सिंगमधला सर्वांत पवित्र मानला जाणारा हा विक्रम तेराव्या फेरीच्या कृपेवर उभा आहे.

ज्यांना दारातच अडवलं

जुन्या विजेत्यांची यादी वाचताना एक गोष्ट विसरली की सगळी तुलना खोटी पडते. त्या काळी कृष्णवर्णीय बॉक्सरला अजिंक्यपदाच्या लढतीत उभंच करत नसत. सुलिव्हनने तर आपण कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असं जाहीरच केलं होतं. पीटर जॅक्सन १८९१ मध्ये कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि निकाल लागला नाही. दुसऱ्या वर्षी संधी मिळाली ती कॉर्बेटला, जॅक्सनला कधीच नाही. सॅम लँगफर्डला कधीच नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं डेम्प्सीच्या मागे लागला, करारही झाला, लढत झाली नाही.

जॅक जॉन्सनने ही भिंत फोडली. २६ डिसेंबर १९०८, सिडनी. टॉमी बर्न्सला त्याने इतकं बडवलं की चौदाव्या फेरीत पोलिसांनी मध्ये पडून लढत थांबवली. मग 'गोऱ्यांची इभ्रत' वाचवायला निवृत्त जेफ्रीजला शेतावरून उठवून आणलं. ४ जुलै १९१०, रेनो. जॉन्सनने त्यालाही पंधराव्या फेरीत संपवलं. त्या रात्री अमेरिकेत जागोजागी दंगली उसळल्या, माणसं मेली. दोन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने बॉक्सिंगच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी घातली. जॉन्सनवर गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून खटला भरला, त्याला तुरुंगवास ठोठावला. अध्यक्षीय माफी मिळाली ती २०१८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

१९१५ मध्ये हवानाला जॉन्सन हरला. त्यानंतरचा कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जो लुई, १९३७ मध्ये. मधल्या २२ वर्षांतल्या प्रत्येक विजेत्याच्या नावापुढे हा प्रश्न उभा आहे. डेम्प्सी मला मनापासून आवडतो, पण माझ्या पहिल्या पाचांत तो बसत नाही, त्याचं कारण हॅरी विल्स.

१२४ सेकंद

जो लुईच्या राज्याची मुदत: ११ वर्षं ८ महिने. अजिंक्यपद राखलं २५ वेळा. हा विक्रम आजही अबाधित आहे. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो सात वेळा अजिंक्यपदासाठी लढला, दर महिन्याला एक. आजचे विजेते वर्षाकाठी एक, फार तर दोन लढती करतात.

१९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केलं होतं. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, यांकी स्टेडियममध्ये दोघे पुन्हा समोर आले. हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपला शूर वीर म्हणून मिरवलं होतं. सत्तर हजार लोक मैदानात, कोट्यवधी रेडिओपाशी. लढत चालली १२४ सेकंद. लुईने मारलेला एक ठोसा श्मेलिंगच्या पाठीत बसला आणि त्याच्या तोंडून निघालेली किंकाळी पहिल्या रांगांना ऐकू गेली.

पुढची गोष्ट त्याहून सुंदर आहे. श्मेलिंग नाझी पक्षात कधी गेला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ले झाले त्या दिवसांत त्याने दोन ज्यू मुलांना आपल्याकडे लपवलं होतं. लुईने युद्धकाळात दोन लढतींची कमाई सैन्यदलांच्या मदतनिधीला दिली आणि नंतर प्राप्तिकर खात्याने त्याच्यामागे कराचा एवढा तगादा लावला की तो कर्जात बुडाला. तेव्हा त्याला मदत करणाऱ्यांत श्मेलिंग होता. १९८१ मध्ये लुई गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चातही श्मेलिंगने वाटा उचलला. तो स्वतः २००५ मध्ये, ९९ व्या वर्षी गेला.

अ ने ब ला, ब ने क ला

वेगळ्या काळांची तुलना राहू द्या, एकाच काळात तरी हिशेब जुळतो का? सत्तरचं दशक घ्या.

जो फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. केन नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं आणि नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत गुंडाळलं. सरळ त्रैराशिक मांडलं तर फोरमनसमोर अली तीन मिनिटं टिकायला नको.

३० ऑक्टोबर १९७४, झाईरेची राजधानी किन्शासा. लढत सप्टेंबरमध्येच व्हायची होती, पण सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि ती पुढे गेली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी वेळ ठेवली पहाटे चारची. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. पहिल्या फेरीत अली नेहमीसारखा फिरला. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि फोरमनला म्हणाला, मार. कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी ओरडतोय, दोरांपासून दूर हो! अली ऐकेना. सैल दोरांवर मागे रेलून डोकं ठोशांच्या टप्प्याबाहेर ठेवलेलं, दोन्ही हात चेहऱ्यापुढे, कोपरं बरगड्यांशी. फोरमनचे घणाघाती ठोसे अलीच्या हातांवर आणि कुशीवर पडत राहिले. मधूनच अली डोकं बाहेर काढी, दोन झटपट ठोसे मारी आणि फोरमनच्या कानाशी बडबड करी. पाचव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात जड झाले. आठवी फेरी संपता संपता अली दोरांपासून सुटला, डावा, पाठोपाठ उजवा, आणि फोरमन गिरकी घेत खाली जाऊ लागला. अलीचा उजवा हात आणखी एका ठोशासाठी उगारलेला होता. त्याने तो मारला नाही. पडणाऱ्या माणसाभोवती फिरत नुसता पाहत राहिला.

ताकद मोजता येते, हाताची लांबी मोजता येते. भर लढतीत वेगळंच काहीतरी शोधून काढण्याची ही हिंमत मोजता येत नाही. संगणकाला फसवणारा माणूस तो हाच.

घाईत वाचायच्या गोष्टी

• १९२७, शिकागो. डेम्प्सीने जीन टनीला सातव्या फेरीत पाडलं, पण स्वतः दूरच्या कोपऱ्यात जायला विसरला. तो जाईपर्यंत पंचाने आकडे मोजायला सुरुवातच केली नाही. टनीला उठायला १४ सेकंदांच्या आसपास मिळाले आणि लढतही मिळाली.

• हाच टनी शेक्सपिअरचा भक्त. विजेता असताना येल विद्यापीठात शेक्सपिअरवर व्याख्यान देऊन आला. बर्नार्ड शॉ त्याचा जिवलग मित्र.

• जॅक जॉन्सनच्या नावावर पान्याच्या सुधारित रचनेचं पेटंट आहे, १९२२ चं.

• सनी लिस्टनने १९६२ मध्ये फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत झोपवलं. पॅटरसन इतका ओशाळला की खोटी दाढी लावून शिकागोतून निघाला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

• अली आणि लिस्टन यांची १९६५ ची दुसरी लढत मेन राज्यातल्या लुइस्टन या छोट्या गावात झाली. प्रेक्षक फक्त २,४३४. टनी आणि डेम्प्सीच्या १९२६ च्या लढतीला भर पावसात १,२०,५५७ लोक होते.

• १९९३, लास वेगास. होलिफिल्ड आणि रिडिक बो यांची सातवी फेरी चालू असताना आकाशातून एक माणूस पॅराशूटने थेट रिंगच्या दोरांवर उतरला. लढत वीसेक मिनिटं थांबली.

• १९८० मध्ये अली भारतात आला तेव्हा दिल्लीत पंजाबचा हवालदार गडी कौर सिंग त्याच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळला. दोन वर्षांनी त्याच कौर सिंगने दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं.

एका उस्तादाचे दोन पोरगेलेसे विजेते

कस डामाटो. या उस्तादाने १९५६ मध्ये पॅटरसनला २१ व्या वर्षी हेवीवेट विजेता केलं. तीस वर्षांनी त्याच्याच तालमीतला माइक टायसन २० वर्षं ४ महिन्यांचा असताना विजेता झाला. दोघेही हनुवटीशी मुठी घट्ट धरून, वाकून, आत घुसून मारणारे. वयाचे दोन्ही विक्रम एकाच म्हाताऱ्याच्या आखाड्यातले! टायसनचा विजय पाहायला डामाटो वर्षभर कमी जगला.

टायसनबद्दल बोलताना लोक १९८८ मधले मायकेल स्पिंक्सला संपवणारे ९१ सेकंद आठवतात. मला त्याच्याइतकंच ११ फेब्रुवारी १९९० चं टोकियो आठवतं. बस्टर डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता आणि त्याची आई जाऊन तीनच आठवडे झाले होते. दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर रांगत, पडलेली दातपट्टी चाचपडत उचलून उलटीच तोंडात धरत होता. उत्तम जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारणारा, न घाबरणारा उंच माणूस समोर आला की टायसनचं काय होतं, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. म्हणूनच तसाच उंच, जॅबमध्ये तरबेज लॅरी होम्स आणि टायसन दोघेही ऐन तारुण्यात भेटते, तर माझे पैसे होम्सवर. १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या फेरीत लोळवलं होतं, हे मान्य. पण तेव्हा होम्स ३८ वर्षांचा होता आणि जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर होता.

पंचेचाळिशीतला उजवा हात

किन्शासात हरलेला फोरमन १९७७ मध्ये निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परत आला तो वजन वाढवून आणि हसत. ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर २६ वर्षांचा मायकेल मूरर, हेवीवेटचा पहिला डावखुरा विजेता. फोरमनच्या अंगावर किन्शासातलीच लाल चड्डी. कोपऱ्यात अँजेलो डंडी, वीस वर्षांपूर्वी समोरच्या कोपऱ्यात उभा असलेला. तिन्ही पंचांकडे फोरमन मागे. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा, आणि मूरर पाठीवर. वय वर्षं ४५. फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करत होता.

त्याने आपल्या पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवली आणि त्याच्या नावाच्या, मांस भाजायच्या ग्रिल दहा कोटींहून जास्त खपल्या. मार्च २०२५ मध्ये तो गेला.

चार पट्टे

आज चार संघटना, चार पट्टे. त्यामुळे एकाच वेळी तीन-चार 'विश्वविजेते' असू शकतात आणि तुलना आणखी अवघड होते. क्लिच्को बंधूंनी कित्येक वर्षं हा गट ताब्यात ठेवला. दोघेही डॉक्टरेट मिळवलेले, दोघेही बुद्धिबळ खेळणारे. एकमेकांशी कधीही लढणार नाही, असा शब्द त्यांनी आईला दिला होता आणि तो पाळला. थोरला विताली २०१४ पासून कीवचा महापौर आहे.

१९९९ मध्ये लेनॉक्स लुईस निर्विवाद विजेता ठरला. त्यानंतर थेट १८ मे २०२४ ला रियाधमध्ये युक्रेनच्याच ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र आणले. उसिक सहा फूट तीन इंच, फ्युरी सहा फूट नऊ. उसिक आधी क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता होता. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत बाद करून तो हेवीवेटमध्ये पुन्हा निर्विवाद झाला.

तर मग, लावा लढत

सर्वांत लांब राज्य: जो लुई, यात दुमत नको. सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी: अली. लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन ही चार नावं दुसऱ्या कुणाच्याही यादीत एकत्र सापडत नाहीत. आजचं वजन आणि आजचे १० औंसांचे हातमोजे ठेवून सगळे एका रांगेत उभे केले, तर मी लेनॉक्स लुईसला पुढे काढेन. त्याला आयुष्यात दोघांनीच हरवलं, मॅकॉल आणि रहमान, आणि दोघांनाही त्याने पुन्हा बोलावून हरवलं.

पण मला पाहायची आहे ती अली विरुद्ध उसिक. १९६६ चा अली, सक्तीच्या विश्रांतीआधीचा, पायांत वारा भरलेला. वजनात दोघांमध्ये फार अंतर नाही. उसिक डावखुरा आहे आणि डावखुऱ्यांशी अलीची गाठ क्वचितच पडली. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला कार्ल मिल्डेनबर्गर हा जर्मन डावखुरा त्याच्यासमोर आला होता, अजिंक्यपदासाठी लढणारा पहिलाच डावखुरा हेवीवेट. अली त्या रात्री अडखळला, कोड्यात पडला, त्याला संपवायला बारावी फेरी उजाडली. उसिक मिल्डेनबर्गरपेक्षा कितीतरी वरचढ आहे आणि त्याचे पाय थांबत नाहीत. म्हणून बारा फेऱ्या असतील तर उसिक, एका पंचाचं मत अलीच्या बाजूने जाऊन. पंधरा असतील तर अली, चौदाव्या फेरीत.